चुलीत घातलेलं पुस्तक : आयर्लंडमधल्या एका शिंप्याचं प्रकरण

तीन पाद्री एका म्हाताऱ्याच्या घरी आले. म्हातारा धंद्याने फिरता शिंपी, ऐंशीच्या घरातला, एका पायाने अधू, कुबडी घेऊन चालणारा. त्याला त्याच्याच चुलीपुढे गुडघे टेकायला लावलं आणि घरात असलेली एका पुस्तकाची एकुलती एक प्रत त्याच्याच हाताने विस्तवात घालायला लावली. पुस्तक त्याने लिहिलं नव्हतं, लिहिणारा दुसराच होता. पण पानापानावर बोलणं होतं ते या म्हाताऱ्याचं आणि त्याच्या बायकोचं.

ही हकीकत लिहून ठेवली फ्रँक ओ'कॉनर या आयरिश कथालेखकाने. या नवरा-बायकोकडे त्याचं जाणंयेणं होतं. एरवी हे प्रकरण पुस्तकबंदीच्या इतिहासात दोन-चार ओळींत उरकलं जातं. मला ते जरा वेगळ्या अंगाने बघायचंय. फिरत्या शिंप्याचा धंदा काय होता, त्या धंद्यात जीभ कशी तयार व्हायची, आणि तेच बोलणं छापून दुकानात गेलं तेव्हा काय झालं, हे बघायचंय.

माणूस आणि त्याची जागा

टिम बकली मूळचा केरी परगण्यातल्या किलगार्व्हनचा. बायकोचं नाव अनास्तासिया, सगळे तिला अ‍ॅन्स्टी म्हणत. त्याला मात्र नावाने हाक मारायची कुणाला गरज पडली नाही. तो होता 'द टेलर'. आपल्याकडेही टेलर म्हटलं की कळतं, म्हणून मी तोच शब्द ठेवतो. दोघं राहत होती कॉर्क परगण्याच्या पश्चिमेला, गॅरिनापीका नावाच्या वस्तीत. जवळच गूगन बारा हे डोंगरांनी वेढलेलं तळं आहे. ली नदी तिथून निघते आणि कॉर्क शहरातून समुद्राला मिळते. तळ्यातल्या बेटावर संत फिनबार याचं ठाणं, त्यामुळे यात्रेकरूंची ये-जा जुनी. शिवाय बॅलिंगीरी हे आयरिश बोलणारं गाव हाकेच्या अंतरावर. तिथे १९०४ साली आयरिश भाषा शिकवणारं विद्यालय निघालं, आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात शहरातले शिक्षक, विद्यार्थी, लेखक भाषा शिकायला या भागात यायला लागले. म्हणजे डोंगरातली वस्ती असली तरी जगापासून तुटलेली नव्हती. टेलरच्या दारात शहरी पाहुणा हे काही नवल नव्हतं.

घरात संपत्ती म्हणजे एक काळी गाय. टेलर तिला 'दुभत्या जनावरांचा कळप' म्हणायचा. चुलीजवळची त्याची बैठक म्हणजे लोण्याची एक रिकामी पेटी, आणि तिला त्याने 'कॉर्न्युकोपिया', म्हणजे समृद्धीचं शिंग, असं भारदस्त लॅटिन नाव ठेवलेलं. आपल्या दारिद्र्यावर असं मोठं नाव चिकटवून मजेत बसायचं, ही त्याची तऱ्हा. अ‍ॅन्स्टी नेमकी उलट. ती आत-बाहेर करत राहायची, गाय, कोंबड्या, चहा, आणि जाता-येता नवऱ्याच्या बोलण्यावर फटकारे. तो आभाळातलं बोलायला लागला की ही त्याला शेणात आणून उभा करायची. पाहुणे येत ते या जुगलबंदीसाठी. नुसता टेलर असता तर तो एक गोष्टीवेल्हाळ म्हातारा ठरला असता. तसे त्या मुलखात पुष्कळ होते.

धंदा

फिरता शिंपी नेमकं काय करायचा, हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. म्हणून इथे थोडं थांबतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत आयर्लंडच्या आडवळणाच्या खेड्यांत बराचसा कपडा दुकानातून येत नव्हता. मेंढीची लोकर घरातल्या बायका विंचरायच्या, कातायच्या. सूत गावातल्या किंवा शेजारगावच्या विणकराकडे जायचं. विणलेलं कापड पाण्यावर चालणाऱ्या गिरणीत भिजवून, कुटून, आटवून घट्ट व्हायचं. असं जाडजूड कापड घरात येऊन पडलं की मग शिंप्याला सांगावा. शिंपी कात्री, सुया, दोरा, मेण आणि इस्त्री घेऊन यायचा. इस्त्री म्हणजे लोखंडाचा जड ठोकळा. तिची मूठ हंसाच्या मानेसारखी वळलेली, म्हणून तिला 'गूज'च म्हणायचे. खिडकीखाली टेबल ओढायचं, शिंपी त्यावर मांडी घालून बसायचा, आणि घरातल्या बाप्यांचे कपडे शिवून होईपर्यंत त्याचा मुक्काम तिथेच. जेवण-झोपणं त्या घरचं, वर थोडे पैसे. आपल्या बलुत्यासारखा सुगीला ठरलेला वाटा नव्हता, काम होईल तसा हिशोब. टेपा सर्रास नव्हत्या तेव्हा शिंपी कागदाच्या लांब पट्टीवर माप घेत. छाती इथे, बाही इथे, प्रत्येक मापाला एक खाच. एका माणसाची एक पट्टी. दुसऱ्या कुणाला ती बघून काही कळायचं नाही, शिंप्यालाच त्या खाचा वाचता यायच्या.

आता विचार करा. हा माणूस दिवसभर घराच्या मधोमध, उंचावर, उजेडात बसलेला. हात कामात, कान मोकळे. सासू-सुनेचं भांडण त्याच्यासमोर, जमिनीचा तंटा त्याच्यासमोर, पोरीच्या लग्नाची बोलणी त्याच्यासमोर. शेताच्या कामाला नेणार नाही असा हा पुरुष, म्हणून बायका त्याच्यासमोर मोकळेपणी बोलायच्या. नऊ शिंपी मिळून एक पुरुष होतो, अशी इंग्रजी म्हणच होती. पायाने अधू असलेल्या मुलाला शिंपीकाम शिकायला घालायची पद्धतही याच समजुतीतली. मग चार दिवसांनी तो पुढच्या घरी जायचा, आणि तिथे संध्याकाळी शेजारीपाजारी जमायचे ते त्याच्याकडून बातम्या ऐकायला. वर्तमानपत्र येत नसलेल्या मुलखात शिंपी, कल्हईवाला, फिरता मजूर हेच वर्तमानपत्र.

पण या धंद्याची एक कडक शिस्त होती. कुठल्या घरातलं काय कुठल्या घरात बोलायचं आणि काय गिळायचं, हे ज्याला कळलं नाही त्याला पुढच्या वर्षी बोलावणं येत नसे. बसलेल्यांत कोण कुणाचा मेहुणा, कुणाची जमीन कुणी बळकावली, कुठल्या म्हाताऱ्याला कुठला विनोद झोंबेल, याचा अंदाज घेत घेतच गोष्ट रंगवायची. त्या भागात हिवाळ्याच्या रात्री शेजारच्या घरी गप्पांना जायच्या रिवाजाला स्कोरीख्त म्हणत. टेलर त्या बैठकीचा पट्टीचा गडी होता. त्याची गोष्ट ऐकणाऱ्याच्या मापाने बेतलेली असायची.

शिवणयंत्रं आणि तयार कपडे आले आणि धंदा बसला. १९३०च्या दशकात टेलर नावापुरता टेलर होता. म्हातारपणाची पेन्शन, ती गाय आणि बोलणं, एवढंच राहिलं होतं.

पुस्तक

एरिक क्रॉस हा उत्तरेकडच्या न्यूरीचा, शिक्षणाने रसायनशास्त्रातला. तो गूगन बाऱ्याकडे आला, टेलरच्या बैठकीत रमला, आणि ऐकलेलं टिपत गेला. त्यातलं काही आधी डब्लिनच्या 'द बेल' मासिकात आलं. शॉन ओ'फेलॉन या लेखकाने १९४०मध्ये सुरू केलेलं हे मासिक तेव्हा आयर्लंडमधल्या लिहित्या लोकांचा अड्डा होतं. १९४२मध्ये लंडनहून पुस्तक निघालं, नाव 'द टेलर अँड अ‍ॅन्स्टी', प्रस्तावना ओ'कॉनरची.

पुस्तकात आहे काय? गाई-वळू, बाळंतपणं, मढ्याच्या रात्रीच्या जागरणातली थट्टा, लग्न जमवणारे मध्यस्थ, नवरा-बायकोची भांडणं. जनावरांत वाढलेला माणूस शरीराबद्दल जसा बोलतो तसंच ते बोलणं. आपल्याकडे गाईला वळू दाखवायचा म्हणताना कुठला शेतकरी लाजतो? शहरातल्या दिवाणखान्यात तेच वाक्य कानाला लागतं, एवढंच.

त्याच वर्षी आयरिश सरकारच्या प्रकाशन नियंत्रण मंडळाने पुस्तकावर बंदी घातली. १९२९च्या कायद्यातली ठरीव शब्दरचना वापरली, की पुस्तकाचा 'एकूण कल अश्लील' आहे. मंडळाला कारणं द्यावी लागत नसत. लेखकाला बाजू मांडायची संधी नव्हती, आणि अपील तेव्हा कायद्यात नव्हतंच. ते १९४६च्या कायद्याने आलं.

सभागृह

वर्तमानपत्रांत पत्रांची लढाई जुंपली आणि विषय वरिष्ठ सभागृहात, सेनाडमध्ये गेला. सर जॉन कीन या सदस्याने ठराव आणला: या मंडळावर जनतेचा विश्वास राहिलेला नाही, त्याची नव्याने रचना करा. १८ नोव्हेंबर १९४२ला चर्चा सुरू झाली आणि डिसेंबरमध्ये जाऊन संपली, एकूण चार दिवस. बंदी घातलेली आणखी दोन पुस्तकंही त्यात होती, पण गाजली ती टेलरची.

यात एक गंमत आहे. खेडुताच्या बोलीची बाजू घेणारा कीन हा जुन्या जमीनदार घराण्यातला, सरदारकी मिरवणारा प्रॉटेस्टंट. आणि विरुद्ध बाजूला उभे होते ते लोक, ज्यांच्या राजकारणाचं दैवतच मुळी साधाभोळा आयरिश खेडूत होतं. मंडळाचे अध्यक्ष प्राध्यापक विल्यम मॅजेनिस स्वतः सेनाडचे सदस्य होते आणि स्वतःच्या मंडळाची वकिली करायला उभे राहिले. तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस. त्याने लांबलचक भाषणात टेलरला कामवासनेने पछाडलेला ठरवलं आणि अ‍ॅन्स्टीला मतिमंद. तेही अमेरिकन मानसशास्त्राची पारिभाषिक संज्ञा वापरून. एका प्राध्यापकाने देशाच्या सभागृहात उभं राहून एका खेडूत म्हातारीला मंदबुद्धी म्हणावं, आणि ती कित्येक मैलांवर गाईची धार काढत असावी. तिला तिथे उत्तर द्यायची सोय नव्हती. असती तर? अ‍ॅन्स्टीच्या जिभेची ख्याती बघता प्राध्यापकांचं काही खरं नव्हतं.

कीनने आपला मुद्दा पटवायला पुस्तकातले उतारे वाचून दाखवले. लगेच हरकत आली. हे सभागृहाच्या अहवालात छापलं तर अहवालच अश्लील ठरायचा आणि लोक तो विकत घेऊन वाचायचे! म्हणून अधिकृत अहवालात उतारे नाहीत. त्या जागी फक्त कंसात नोंद आहे, की सदस्यांनी पुस्तकातून वाचून दाखवलं. मतदान झालं तेव्हा ठरावाच्या बाजूने २ आणि विरुद्ध ३४.

चर्चा संपून जेमतेम तीन महिने झाले. १७ मार्च १९४३, सेंट पॅट्रिकचा दिवस. पंतप्रधान डी व्हॅलेरा यांनी रेडिओवर आपल्या स्वप्नातला आयर्लंड रंगवला. त्यात काटकसरीने सुखात राहणारे लोक होते, उबदार घरं होती, आणि घराघरातली शेकोटी म्हणजे वृद्धांच्या शहाणपणाची सभा होती. भाषण आयर्लंडमध्ये आजही प्रसिद्ध आहे, बरंचसं चेष्टेसाठी. त्यात वर्णन केलेली शेकोटी गॅरिनापीकात शब्दशः होती. पेन्शनीवर जगणारा, कशाची हाव नसलेला, आयरिश आणि इंग्रजी दोन्ही भाषांत ओघवतं बोलणारा म्हातारा तिच्यापुढे बसलेला होता. फक्त तो जे बोलायचा ते या लोकांना सोसलं नव्हतं.

दोन वह्या

मला या प्रकरणात सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट पुढची वाटते.

याच सरकारने १९३५मध्ये आयरिश लोककथा आयोग स्थापन केला होता. आयोगाचे संग्राहक मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनी घेणारं जड यंत्र सायकलवर, घोडागाडीतून, मिळेल तसं घेऊन खेडोपाडी फिरत आणि म्हाताऱ्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेत. नळकांडी महाग, म्हणून लिहून झालं की पृष्ठभाग तासून पुन्हा वापरायची. १९३७ ते १९३९ या काळात तर सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांनाच कामाला लावलं. आजी-आजोबांना विचारा आणि वहीत लिहा. त्यातून सुमारे ७,४०,००० पानं जमली. जगात इतर कुठल्या गरीब देशाने असलं काम त्या काळात एवढ्या आस्थेने केल्याचं मला आठवत नाही. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आणि आयोगाचा संग्राहक टेलरकडेही गेला होता! शॉन ओ'क्रोनिन याने त्याच्याकडून आयरिशमध्ये भरपूर सामग्री टिपून घेतली. पुढे १९७८ साली तिचं आयरिश पुस्तकही निघालं. म्हणजे माणूस एकच, जीभ एकच. एक वही सरकारी पैशाने भरली गेली आणि कपाटात जपून ठेवली गेली, दुसरी सरकारी शिक्क्याने बंद झाली. फरक एवढाच, की पहिली आयरिशमध्ये होती आणि अभ्यासकांसाठी होती. दुसरी इंग्रजीत होती आणि कुणीही दुकानातून उचलू शकत होतं. म्हातारी भाषा आणि बंद कपाट असलं की खेडुताचं बोलणं 'परंपरा' होतं. तेच चालू भाषेत बाजारात आलं की अश्लील.

गाव

मात्र कायद्याने टेलरच्या केसालाही धक्का लावला नव्हता. बंदी पुस्तकावर होती, माणसावर नव्हती. जे भोगावं लागलं ते गावाकडून.

वर्षानुवर्षं त्याच्या चुलीपुढे बसून हसलेली माणसं यायची बंद झाली. त्यांनी पुस्तक वाचलं असेलच असं नाही. 'अश्लील' हा शिक्का, चर्चच्या पीठावरचं वजन आणि वर्तमानपत्रात आपल्या गावाचं नाव, एवढं पुरलं. ओ'कॉनरने लिहिलंय, की एका रात्री तो आणि इतर पाहुणे आत बसलेले असताना बाहेरून कुणीतरी कडीत झाडाची फांदी ठोकून दार बंद करून टाकलं. निघायच्या वेळी दार उघडेना. आयुष्यभर ज्याचं दार कुणालाही उघडं होतं त्याच्या घराचं दार हे! पाद्र्यांनी पुस्तक जाळायला लावलं तेही याच दिवसांत.

गावाच्या बाजूनेही विचार करून बघतो. पुस्तकात खरी नावं, खरी वस्ती, शेजाऱ्यांचे किस्से. चुलीपुढे ऐकताना मजा वाटलेला किस्सा लंडनच्या प्रकाशकाने छापला की तो आपल्याबद्दल परक्यांनी हसण्याची गोष्ट होतो. टेलरची शिस्त समोर कोण बसलंय ते बघून बोलायची होती, आणि छापील पुस्तकासमोर कोण बसणार हे त्याला कसं दिसणार? ती काळजी घ्यायची ती क्रॉसने. आज असं काम करणारा संशोधक नावं बदलतो, गाव झाकतो, मजकूर आधी वाचून दाखवतो. क्रॉसने नावं बदलली असती तरी त्या तळ्याकाठच्या लंगड्या शिंप्याला कुणीही ओळखलं असतंच. आणि टेलरलाही ओळख नको होती असं दिसत नाही. शिल्पकार शेमस मर्फीला त्याने आपला अर्धपुतळा करू दिला होता. आपला चेहरा, आपली गोष्ट टिकावी याची त्याला हौस होती. अ‍ॅन्स्टीचं तसं नव्हतं. तिची वाक्यं बैठकीतली नव्हतीच. कामाच्या रगाड्यात, नवऱ्याला उद्देशून, पाठमोरी फेकलेली वाक्यं ती. त्यांचा छापील मजकूर व्हावा का, हे तिला कुणी वेगळं विचारलं असेल असं मला वाटत नाही, आणि सभागृहात सगळ्यात वाईट शिवी तिलाच बसली. या प्रकरणात क्रॉसचं कुठे चुकलं असेल तर ते इथे, असं माझं मत. टेलरच्या बाबतीत मी त्याला दोष देत नाही.

त्यानंतर

टेलर १९४५मध्ये गेला, अ‍ॅन्स्टी १९४७मध्ये. बंदी उठून पुस्तक मोकळं झालं तेव्हा दोघांपैकी कुणी नव्हतं. १९६८मध्ये पुस्तकावरून केलेलं नाटक डब्लिनच्या अ‍ॅबी नाट्यसंस्थेने रंगवलं. टेलर झाला होता इमन केली. तो स्वतः केरीचा, सुतारकामातून नटाच्या धंद्यात आलेला आणि कथा सांगण्यात मुरलेला. असा टेलर शोधून मिळाला नसता.

दोघांना गूगन बाऱ्याच्या तळ्याजवळच्या दफनभूमीत पुरलंय. थडग्याचा दगड शेमस मर्फीने घडवला, आणि त्यावर शेक्सपिअरची ओळ कोरली. अर्थ असा, की एक तारा नाचत होता आणि त्याच्याखाली माझा जन्म झाला. सेनाडच्या अहवालातला तो कंस आजही तसाच आहे.